आबांनी नातवाला मुंबई दाखविली



गेल्या खेपेस उन्हाळी भुईमुगाच्या पाण्याच्या पाळ्यांबद्दल लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली आहेत. उत्तरे पुढच्या अंकात देतो. ज्यांना घाई असेल त्यांनी जवळच्या कृषी कार्यालयात विचारून घ्यावे, माझ्या लेखाची वाट पाहत बसू नये. पीक वाट पाहत नसते.

या खेपेस विषय जरा वेगळा आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास एका गावी महिला बचत गटाची बैठक होती. परसबागेवर बोलून झाले, चहा झाला आणि उठता उठता एक माउली मागे राहिल्या. म्हणाल्या, “साहेब, एक इचारू का? शेतीचं न्हाई. धाकल्या सुनेनं मुंबईला बोलिवलंय, नातू सांभाळाया. दोन वरसांचा हाय. त्याला घिऊन मुंबई बघता यील का वो?”

मला हसू आले. कारण पंधरवड्यापूर्वीच मी आणि आमच्या सौ. नेमका हाच उद्योग करून परत आलो होतो. त्या माउलींना उभ्या उभ्या जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. पण आपल्यापैकी कितीतरी घरांत मुलगा किंवा मुलगी मुंबई-ठाण्याकडे असते, तिथे नातवंड असते, आणि सुगी आटोपली की आजी-आजोबांना बोलावणे येते. म्हणून ती हकीकत सविस्तर लिहितो. त्यात माझी फजिती आहे आणि फजितीपेक्षा वाईट असे एक प्रकरणही आहे. तेही लपवीत नाही.

माझी थोरली मुलगी मानखुर्दला राहते. पुण्याकडून येणारी एसटी वाशीचा खाडीपूल ओलांडते आणि मुंबईच्या हद्दीत तिचे चाक पडते ते मानखुर्दलाच. तेव्हा आपल्यासाठी मानखुर्द ही मुंबईची वेस म्हणायची. ज्यांनी देवनारच्या बाजारात बोकड नेले असतील त्यांना हा भाग ठाऊक असेल, कारण देवनार तिथून जवळच. एका अंगाला कचऱ्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला अणुशक्तीनगरची झाडी, मध्ये माणसेच माणसे. जावई कारखान्यात आहेत, मुलगी एका खासगी दवाखान्यात परिचारिका. दोन खोल्या, चौथा मजला. नातू सव्वादोन वर्षांचा. त्याला आम्ही सोन्या म्हणतो. जन्म मुंबईतला, पण मुंबई त्याने पाहिलेली नव्हती. गोवंडी आणि चेंबूर एवढेच त्याचे जग.

आमच्या जाण्याचे कारण मुंबई पाहणे हे नव्हतेच. ज्या बाई सोन्याला दिवसभर सांभाळीत, त्या गावी निघून चालल्या होत्या. पाळणाघराचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. तेव्हा सोन्याला वर्षभर आमच्याकडे गावी ठेवावे का, हे ठरवायचे होते. मुलगी उघड काही बोलत नव्हती. म्हणाली, “अण्णा, आठ दिवस राहा. तुमची आणि त्याची गट्टी जमते का बघू.” म्हणजे, सरळ सांगायचे तर, परीक्षा आमची होती.

आता माझी खोड अशी की गेली तीस वर्षे मी शेतकऱ्यांच्या अभ्यास सहली काढीत आलो. राहुरीचे विद्यापीठ, बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र, जळगावची ठिबकची कामे. दोन दिवसांत सहा ठिकाणे दाखवून माणसे बिनचूक गावी आणून पोहोचविली आहेत. त्याच हिशेबाने मी कागद काढला आणि सोन्यासाठी वेळापत्रक केले. सोमवार : गेटवे, घारापुरी, वस्तुसंग्रहालय, मत्स्यालय, म्हातारीचा बूट, चौपाटी. मुलीने कागद वाचला आणि म्हणाली, “अण्णा, ही शेतकरी सहल नव्हे. दुपारी बाराला त्याचा डोळा लागतो. मग गेटवे असो की घरची चटई, त्याला सगळं सारखंच.” मी म्हटले, बघू.

सोमवारी पावणेनऊला मानखुर्द स्टेशनवर आलो. ही पहिली चूक. सकाळी आठ ते अकरा सगळी मुंबई कामाला निघते आणि संध्याकाळी पाच ते नऊ परत फिरते. लेकरू घेऊन या वेळी गाडीत शिरू नये. आम्ही तीन गाड्या सोडल्या. चौथीत सौ. आणि सोन्या बायकांच्या डब्यात चढले, मी पुरुषांच्या. दारे सुटली, गाडी हलली आणि मग ध्यानात आले की पाण्याची बाटली, बिस्किटे, बदलायचे कपडे असलेली पिशवी माझ्या खांद्याला आहे आणि तहानलेला नातू पुढच्या डब्यात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत पाऊण तास त्या बाईने त्याला कसा थोपविला ते तिचे तिलाच माहीत. उतरल्यावर माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, “पिशवी तुमची, पोर माझं. वाटणी बरी केलीत.” तेव्हापासून नियम केला : मूल ज्याच्याकडे, पिशवी त्याच्याकडेच. पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचे तिकीट लागत नाही हे मात्र खरे. त्याबद्दल कोणी काही सांगू लागले तर घाबरू नये.

टॅक्सीने गेटवेला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. १९११ साली इंग्लंडचा राजा या बंदरावर उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान उभारली. ती पुरी व्हायला १९२४ साल उजाडले, आणि १९४८ साली शेवटची गोरी पलटण याच कमानीखालून निघून गेली. हे सगळे मी सोन्याला सांगणार होतो. सोन्या माझ्या खांद्यावर गाढ झोपला होता. अर्ध्या तासाने जागा झाला तो पारव्यांमागे धावला, आणि मग फरशीच्या फटीतून मुंग्यांची रांग चालली होती तिथे जो बसला तो हलेना. समोर समुद्र, मागे ताजमहाल हॉटेल, आणि आमचा पाहुणा मुंग्या पाहतोय. मुंग्या काय, आमच्या बांधावरही आहेत!

घारापुरीची बोट दिसताच सौ.ला हुरूप आला. पण सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, हे माझ्या कागदात नव्हते. बंद नसती तरी मी आता सांगेन की एवढ्या लहान मुलाला घेऊन तो प्रवास टाळावा. जायला तासभर, यायला तासभर, आणि पुढे उन्हातल्या पायऱ्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि कितीतरी माणसे प्राणास मुकली, त्यांत लहान मूलही होते. मोठ्या मुलांना घेऊन जाणारच असाल तर प्राणरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगात घातल्याशिवाय, आणि लेकराच्या मापाचे आहे हे पाहिल्याशिवाय, बोटीत पाय ठेवू नका. पट्टा सैल असलेले जाकीट पाण्यात लेकराच्या अंगातून निसटते.

मत्स्यालयाचे सांगायचे तर, मरीन ड्राइव्हवरचे १९५१ सालचे तारापोरवाला मत्स्यालय काही वर्षांपासून बंद आहे. मी ते माझ्या तरुणपणी पाहिले होते, त्या भरवशावर कागदात लिहिले. म्हातारी माणसे जुन्या मुंबईच्या भरवशावर नातवंडांना वचने देतात आणि मग तोंडघशी पडतात. निघण्याआधी तिथल्या कोणाला तरी विचारून घ्यावे. रविवारी तर विचारल्याशिवाय घराबाहेर पडूच नये, कारण रुळांच्या कामासाठी ‘मेगाब्लॉक’ असतो आणि हार्बर मार्गाच्या गाड्या तासन्‌तास बंद राहतात.

बाकीचा कागद मी खिशातच ठेवला. परत निघताना सोन्याने हात दाखविला म्हणून गाडीवरची कापलेली पपई घेऊन दिली. कृषी पदवीधर माणूस! गावोगावी फळे कशी धुवावीत यावर भाषणे दिली आहेत. रात्री अकरापासून पोराला जुलाब सुरू झाले.

मुलगी घाबरली नाही. तिने पाणी उकळून निवविले. एक लिटर पाणी, त्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट, शीग लावायची नाही. हे पाणी चमच्या-चमच्याने पाजत बसली. उलटी झाली तरी दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजायचे. औषधाच्या दुकानात क्षारांची पुडी मिळते ती अधिक चांगली, पण रात्री-अपरात्री हे घरचे पाणी हाताशी असते. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र घरी थांबायचे नाही, थेट दवाखाना. सोन्याला पहाटेपर्यंत उतार पडला. मुलगी म्हणाली, “उघड्यावरची पपई कुणी दिली?” मी म्हटले, “मी.” ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मंगळवार घरात गेला. कुकरचे झाकण आणि दोन वाट्या एवढ्यावर त्याने दिवस काढला. संध्याकाळी टोकियोहून माझ्या भाच्याचा फोन आला. तो तिकडे संगणकाच्या कामावर असतो. टोकियोच्या निशी-कासाई भागात आपल्या देशाची बरीच कुटुंबे आहेत, मराठीही आहेत. त्याची मुलगी सोन्याएवढीच. मी माझे रडगाणे गायिले तसा तो म्हणाला, “मामा, आम्ही पण आधी असंच केलं. सकाळी देऊळ, दुपारी मनोरा, संध्याकाळी बाग. पोरगी आडवी पडून रडायला लागली भर स्टेशनात. आता दिवसाला एक जागा. जेवून निघायचं, तिला झोप यायच्या आत परत.” तिथल्या मोठ्या दुकानांतून आणि बऱ्याच स्टेशनांवर लेकरांसाठी वेगळी खोली असते. आईला पाजायला आडोसा, दुपटे बदलायला फळी, दुधाच्या भुकटीसाठी गरम पाणी. हे ऐकून सौ. म्हणाली, “आपल्याकडे काय आहे?” मी तिला आपल्या एसटी स्थानकांवरचे हिरकणी कक्ष आठवून दिले. बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीचे नाव त्या खोल्यांना आहे. ज्या माता अंगावर पाजतात त्यांनी स्थानकावर गेल्यावर आधी ती खोली कुठे आहे ते विचारून ठेवावे. कुलूप असेल तर नियंत्रकाकडे किल्ली मागावी. लाजू नये. मागणारे कोणी नसले की कुलपे गंजतात.

बुधवारी राणीची बाग बंद असते. म्हणून त्या दिवशी कुठेच जायचे नाही असे ठरले. पण दुपारी जेवणानंतर सौ.लाच कल्पना सुचली. म्हणाली, “अहो, आपण येताना पूल ओलांडला ना, तिथं खाली लांब पायांची पाखरं होती. रेल्वेनं पलीकडं जाऊन परत यायचं का?” मंडळी, आमच्या आठ दिवसांतली सर्वांत चांगली सहल ती. मानखुर्द ते वाशी, मधे दुसरे स्टेशन नाही. १९९२ सालापर्यंत लोकल मानखुर्दलाच संपत असे. त्या वर्षी खाडीवरून रूळ नेऊन ती वाशीला जोडली. दुपारच्या वेळी वाशीकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा असते. दहा मिनिटांचा प्रवास, त्यातला बराचसा पाण्यावरून.

आपण घाटावरची माणसे. भरती-ओहोटी आपल्या अंगवळणी नाही. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते, आणि ही वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. मुंबईकडे अमावास्या-पौर्णिमेला साधारण बाराच्या सुमारास भरती असते, म्हणून अष्टमीच्या आसपास बाराच्या सुमारास ओहोटी येते. ज्या घरात दिनदर्शिका भिंतीला आहे त्या घराला हे गणित सोपे. आम्ही गेलो तो माघ शुद्ध अष्टमीचा सुमार होता. पाणी उतरलेले, काळाभोर चिखल उघडा पडलेला, कडेला तिवरांची हिरवी झाडी, आणि त्या चिखलात गुलाबी रंगाची रांगच्या रांग. रोहित पक्षी. काही जण अग्निपंख म्हणतात.

थंडीच्या दिवसांत हे पक्षी कच्छकडून आणि आणखी कुठून कुठून इथे येतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत राहतात. मान वाकडी करून, चोच उलटी धरून चिखलातले पाणी गाळतात. त्यांतले शेवाळ आणि बारीक जीव हे त्यांचे खाणे, आणि अंगाचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. पिल्ले करड्या रंगाची असतात. कोंबडीला पिवळा मका घातला की अंड्याचा बलक गडद होतो, तसलाच हा प्रकार. २०१५ साली ठाणे खाडीचा हा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. कचऱ्याच्या डोंगराच्या इतक्या जवळ हे वैभव आहे, याचे मला आजही नवल वाटते. गावाकडचे सांडपाणी ओढ्यात सोडताना आपण म्हणतो, तिथे काय आहे!

सोन्या खिडकीच्या गजाला नाक लावून उभा होता. पहिल्या फेरीत ओरडला, “आबा, पेरू!” आतून गुलाबी असलेला पेरू त्याने आदल्याच दिवशी पाहिला होता. वाशीला उतरलो, फलाटावरच पलटलो, पुन्हा मानखुर्दला, पुन्हा वाशीला. तीन फेऱ्या केल्या. प्रत्येक वेळी तिकीट काढले, हे सांगून ठेवतो. साडेतीनला घरी. ना रडणे, ना उलटी, ना धावपळ.

त्यामुळे गुरुवारी माझा धीर पुन्हा वाढला.

राणीची बाग भायखळ्याला आहे. मानखुर्दहून चौथे स्टेशन कुर्ला. तिथे उतरून पुलावरून मध्य रेल्वेच्या फलाटावर जायचे आणि धिम्या गाडीने भायखळा. कुर्ल्याचा पूल हा घाट आहे घाट. मुलाला चालवायचे नाही, कडेवर घ्यायचे आणि कठडा धरून एका बाजूने जायचे. आम्ही साडेअकरानंतर निघालो, गर्दी ओसरली होती.

ही बाग १८६२ साली लोकांना खुली झाली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या नावाची होती. आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण अजून सगळे राणीची बागच म्हणतात. आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या बाहेर एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ साली इंग्रज त्याला उचलून विलायतेला नेणार होते, पण उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते जोडून इथे उभा केला. आम्हांला त्या दिवशी जिवंत हत्ती काही दिसला नाही, पण सोन्याचे या हत्तीवर समाधान झाले. त्याने आपल्या वाट्याची अर्धी पोळी हत्तीच्या पायाशी ठेवली.

हत्तीवरून टोकियोची एक हकीकत आठवते. तिथल्या उएनो प्राणिबागेत महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, बॉम्ब पडून जनावरे सुटतील या भीतीने ती मारून टाकण्याचा हुकूम निघाला. तीन हत्ती होते, ते उपाशी ठेवून मारले. युद्ध संपल्यावर टोकियोच्या पोरांनी हत्ती पाहिलेलाच नव्हता. त्यांनी आपल्या पंडित नेहरूंना पत्रे लिहिली, की आम्हांला एक हत्ती पाठवा. नेहरूंनी १९४९ साली म्हैसूरकडची एक हत्तीण धाडली आणि तिला आपल्या मुलीचे, इंदिरेचे नाव दिले. पुढे चौतीस वर्षे, १९८३ पर्यंत, ती तिथे होती. भाचा मुलीला घेऊन त्याच बागेत जातो.

पुढे पेंग्विन पाहिले. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची ही जात. २०१६ साली दक्षिण कोरियातून इथे आणली आणि २०१७ साली लोकांना दाखवायला सुरुवात झाली. काचेमागे गारवा केलेला असतो. माणसांची रीघ होती, सोन्याला काही दिसेना, मग त्याला खांद्यावर घेतले. तिथून बाहेर पडलो आणि एका वळणावर मला गोरखचिंच दिसली.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांना सांगतो. आफ्रिकेतले झाड आहे. खोड कोठारासारखे फुगलेले, कारण ते पाणी साठवून ठेवते. पुस्तकात वाचलेले, परीक्षेत लिहिलेले. सौ. बाटली भरायला गेली होती. सोन्याचा हात माझ्या हातात होता. मी पाटी वाचली. मग खोडाचा घेर किती असेल म्हणून दोन्ही हात पसरून मापायला गेलो. दोन्ही हात. म्हणजे सोन्याचा हात मी सोडला होता.

वळून पाहतो तो पोरगा नाही.

पुढचे मी नीट सांगू शकत नाही. आधी पेंग्विनच्या घराकडे धावलो, कारण मला वाटले तो तिकडे जाईल. हाका मारल्या. एका सुरक्षारक्षकाने मला थांबविले. माणूस शांत होता. म्हणाला, “फाटकावर कळवतो. कपडे कोणत्या रंगाचे?” आणि मंडळी, मला सांगता येईना. कपाशीच्या पानामागे कोणत्या रंगाची किती कीड होती हे मी दहा वर्षांनी सांगेन. पण सकाळपासून कडेवर घेतलेल्या माझ्या नातवाच्या अंगात काय आहे, ते मला आठवेना. तेवढ्यात सौ. आली. माझे तोंड पाहून तिला कळले. रक्षकाला म्हणाली, “पिवळा सदरा. खिशावर ससा. पायात बूट नाहीत, एकच मोजा आहे.”

सोन्या त्या झाडापासून वीसएक पावलांवरच होता, पण कुंपणाच्या झुडपांपलीकडे. एक माळी वाफ्यांना पाइपने पाणी देत होता. सोन्याने पाइपचे तोंड दोन्ही हातांनी धरले होते आणि चिखलात उभा होता. माळी म्हणाला, “तुमचा का? मघापास्नं दारं धरतोय. म्हटलं असेल कुणीतरी मागं.” त्याच्यावर मी रागावणार होतो. कशाबद्दल, ते मलाच ठाऊक नव्हते. सोन्याने वर पाहिले आणि म्हणाला, “आबा, पाणी.”

तीन-चार मिनिटे गेली असतील. सौ.ने त्याचे पाय धुतले. घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

आता त्या माउलींना मी जे सांगितले ते इथे लिहितो, कारण ते मी पुस्तकातून शिकलो नाही. घरातून निघतानाच मोबाइलवर मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवावा. सदऱ्याच्या आतल्या बाजूला किंवा खिशात आई-बापाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी, वर नाव लिहू नये, परका माणूस नावाने हाक मारू शकतो. मूल दिसेनासे झाले तर आधी जवळ पाहावे, खाली वाकून पाहावे, पाणी कुठे आहे ते पाहावे. लगेच तिथल्या रक्षकाला सांगावे. मुलांसाठीची मदत १०९८ वर, पोलीस ११२ वर, आणि रेल्वेच्या आवारात असाल तर १३९ वर. हे आकडे आधीच पाठ असावेत. त्या वेळी मला माझा स्वतःचा नंबर आठवत नव्हता.

रात्री जेवताना सौ. मला म्हणाली, “सांगायचं तर तुम्हीच सांगा.” मी सांगितले. जावई ताटाकडे पाहत राहिले. मुलगी म्हणाली, “किती वेळ?” मी म्हटले, “चार मिनिटं असतील.” ती उठून आत गेली, झोपलेल्या सोन्याच्या अंगावर पांघरूण घातले, परत आली, माझ्या ताटात भाकरी वाढली. मग विचारले, “अण्णा, गावी आपल्या विहिरीला अजून कठडा नाही ना?”

नाही. माझ्या वडिलांच्या वेळेपासून नाही. तिथे पायऱ्या आहेत, वर्षातून दोनदा मी म्हणतो की या सुगीनंतर बांधू. पलीकडच्या शेतकऱ्याचे नवे शेततळे आहे, त्याच्या कागदावर पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. त्याला कुंपण घाल असे मी सरकारी कामात शंभर जणांना सांगितले असेल.

सोन्या वर्षभरासाठी आमच्याकडे आलेला नाही. सध्या मुलीने दवाखान्यात रात्रपाळी मागून घेतली आहे, दिवसा ती आणि रात्री जावई, असे चालले आहे. किती दिवस चालेल कोण जाणे. मे महिन्यात ती स्वतः त्याला घेऊन येणार आहे, पंधरा दिवस राहून बघणार आहे, आणि मग ठरविणार आहे.

गवंड्याला निरोप धाडला आहे. तो म्हणतो, चैत्रात मोकळा होईन. मी त्याला सांगितले आहे की चैत्र नव्हे, याच आठवड्यात. वीट आणून टाकली आहे, वाळू उद्या येते.